खिशात थरथरलेला फोन

गुरुवार, संध्याकाळ. सोलापूर स्टँड.

दुधनीची एसटी अजून लागली नाही. दुपारी कॉलेजात सापेक्षता शिकवताना खिशात फोन दोनदा थरथरला. काढलाच नाही. एक मुलगी विचारत होती, "सर, घटनांचा क्रम बघणाऱ्यागणिक बदलतो ना?" म्हटलं, "पहिल्या घटनेचा संदेश दुसरीपर्यंत पोचू शकत असेल, तर कुणासाठीच बदलत नाही."

तास संपल्यावर धाकट्या भावाचा तिसरा फोन. "दादा, आई गेली की रे. तुला फोन लाव म्हणत हुती, म्हणून दोनदा लावला."

दुधनी काय लांब? प्रकाशाला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. निरोप पोचला होता. माझ्याच खिशात थरथरत होता.

आई आधी गेली आणि खिशात फोन नंतर थरथरला, असं पाहणारा एक तरी निरीक्षक हवाय मला. कितीही वेगानं जाणारा. पण तो नाहीच. दुपारी मीच फळ्यावर सिद्ध केलं.