माझ्या मागच्या चाकाला चिकटलेल्यास

दुइतामा, गुरुवार

प्रिय एव्हेलिओ,

'प्रिय' सवयीने पडलं हातून, त्यावर फुगू नकोस. तुझी डाव्या हाताने खरडलेली चिठ्ठी काल आईने आणून दिली. 'चूक माझीच, नोरालबा. तुला न विचारता मागे लागलो. तू मनाला लावून घेऊ नकोस.' वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माफी मागतानासुद्धा तुला मोठेपणाच मिरवायचाय! आईला म्हटलं, या माणसाचं थोबाड फुटलं असतं तर निदान बोलणं तरी थांबलं असतं. तर ती म्हणते, "अगं, कोपर मोडलंय त्याचं. न्हाव्याला हात वर करता आला नाही तर कात्री काय पायाने धरायची?" आणि गुळाच्या गरम पाण्यात चीजचा तुकडा टाकून माझ्यापुढे आदळून निघून गेली.

सगळ्या गावाला तुझी दया आली आहे. मला नाही. वर्षातले सहा आठवडे मी घरी येते, ते आराम करायला नाही. स्पेनमधला सायकल संघ मला पगार देतो तो पायांचा, आणि ते पाय मी याच रस्त्यांवर तयार करते. वारा अडतो म्हणून माझ्या सायकलच्या मागे कोणी आलं तर मी कधी हाकललेलं नाही. पण त्याची एक रीत असते, आणि ती चौदाव्या वर्षी क्लबात आपण दोघं एकाच दिवशी शिकलो. आधी विचारायचं. हातभर अंतर ठेवायचं. तोंड बंद ठेवायचं. पुढे यायचं नाही, आणि पुढचा थांबला तर मुकाट्याने आपल्या वाटेने जायचं. पोरंसोरं पाळतात रे! सोगामोसोची दुधवाली मागच्या मंगळवारी अर्धा तास माझ्यामागे होती, वळणावर "देव तुझं भलं करो, पोरी" म्हणाली आणि गेली.

आणि तू? पहिल्याच दिवशी न विचारता येऊन चिकटलास. माझ्या मागच्या चाकाशेजारी तुझं पुढचं चाक अर्धं घुसवलंस. मी जरा डावीकडे सरकले असते तर दोघंही रस्त्यावर झोपलो असतो. वर तोंडाचा पट्टा चालूच. "नोरा, गियर जड झालाय बघ तुझा. नोरा, खांदे सैल सोड." मला, सैल सोड! पाच मिनिटं जीव तोडून चालवायचं आणि मग पाच मिनिटं सावकाश, असा माझा सराव. सावकाश चालवायला लागले की हा शहाणा शीळ घालत पुढे. सांता रोसाच्या चढावर तर कहर केलास. तो माझा आरामाचा दिवस होता, मी पाय नुसते फिरवत होते. तू तोंडाला फेस आणत पुढे गेलास आणि संध्याकाळी सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाईकाला आरशातून सांगितलंस, "स्पेनवाल्या बाईसाहेबांना आज चढावर टाकून आलो." माझ्या काकाचे केस कापताना सांगितलंस, एव्हेलिओ. त्याने घरी येऊन सगळ्यांसमोर मला विचारलं, "काय गं, संपलीस की काय?" सगळे हसले. माझा पुढच्या वर्षीचा करार अजून झालेला नाही, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तुझा इतका राग मला कोणत्याही शर्यतीत कोणाचा आलेला नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर क्लबात बैठक आहे, तुला कळलंच असेल. अध्यक्ष आरिस्तिदेस कागद घेऊन घरी आले होते. हौशी सायकलवाल्यांनी व्यावसायिकांच्या मागे लागायचं नाही असा नवा नियम, आणि कारण म्हणून खाली तुझं नाव. तू क्लबातून कायमचा बाहेर. "त्याने स्वतःच चूक कबूल केलीय, आता फक्त तुझी सही," म्हणाले. मी म्हटलं, पेन सापडत नाही. त्यांच्या खिशाला दोन पेनं होती.

आता तू पडलास त्या शुक्रवारबद्दल. पाइपाच्या तळ्याकाठचा सपाट रस्ता, माझी तिसरी पाच मिनिटं. तू मागे इतका जवळ होतास की तुझा श्वास ऐकू येत होता. माझ्या पाठीपलीकडचं तुला काही दिसत नव्हतं. मागून चालवणाऱ्याचे डोळे म्हणजे पुढच्याचा हात. खड्डा आला की पुढच्याने हात खाली करून दाखवायचा. मित्र असो, वैरी असो, अनोळखी असो, कोणी शिव्या घालत मागे लागलेलं असो, दाखवायचाच. यात विचार करायला वेळच नसतो, हात आपोआप जातो. वीस वर्षांत माझा एकदाही चुकला नाही.

खड्डा मला दिसला होता. चांगला लांबून. मनात आलं, बसू दे एक हिसका, उतरेल मस्ती. हात खाली निघाला होता, एव्हेलिओ. मी तो हँडलवर दाबून धरला आणि शेवटच्या क्षणी चाक बाजूला काढलं. मग आवाज आला. धावत येऊन मी तुझ्याजवळ बसले, तेव्हा तू कोपर धरून म्हणालास, "तुला लागलं नाही ना?" आणि मी म्हटलं, "मला दिसलाच नाही रे."

मी सही करणार नाही. रविवारी उभी राहून हे सगळं याच शब्दांत सांगणार आहे. मग त्यांनी मला काढलं तर काढू दे, संघाच्या कानावर गेलं तर जाऊ दे. तू अजूनही मला डोळ्यांसमोर नको आहेस. पण हे तू भर बैठकीत, लोकांच्या तोंडाकडे बघत ऐकायला नको. त्यांच्या आधी तुला कळावं, एवढ्यासाठीच लिहिलं.

तुझीच म्हणायचा हक्क न उरलेली,
नोरालबा