दोन गाड्या हराळी

पिंगळी, आश्विन वद्य तृतीया, फसली १३४७

राजमान्य राजेश्री चंद्रभानराव व्याहीसाहेब, मुक्काम सोनपेठ, यांचे सेवेशी मुलीकडच्या (म्हणजे आपोआपच खालच्या पायरीवरच्या) किशनरावाचा दोन्ही हात जोडून रामराम. इकडे सर्व क्षेम. आपल्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे? विहीणबाई नर्मदाबाईंचा खोकला थांबला का? जावईबापूंना अनेक आशीर्वाद. आमची कस्तुराही सुखात असेलच. तिच्याबद्दल या पत्रात मी अवाक्षर लिहिणार नाही. लग्नाच्या मांडवात दहा माणसांसमोर मी म्हणून गेलो, "व्याह्यांनी रान हराळीच्या तणाला बटईनं, अर्ध्या वाट्यावर दिलेलं दिसतंय," आणि तेव्हापासून आपण तिला एकदाही माहेरी धाडलेलं नाही. पंचमीला मी स्वतः मुराळी होऊन आलो, तर पानसुपारी मिळाली, लेक मिळाली नाही. आता तिची पहिली दिवाळी दहा-बारा दिवसांवर आली. पण तो विषय नाही. विषय गवताचा आहे.

आपल्याला ठाऊकच आहे की माझ्या रानात हराळीची एक काडी सापडायची नाही. (हे मोठेपणा म्हणून लिहीत नाही. आमच्या वडलांनी प्राण सोडताना रामाचं नाव घ्यायच्या आधी "बांधाला एक राहिलीय रे" असं म्हटलं होतं, एवढंच.) ही कीर्ती कुणीतरी स्टेशनाजवळच्या बंगल्यातल्या साहेबांच्या कानावर घातली. साहेब विलायतेत शिकून आलेले, त्यांना बंगल्यापुढं माजलेल्या हराळीचीच हिरवळ करून हवी. गवतातला जाणकार कोण, तर किशनराव. ज्यानं चाळीस वर्षं हराळीच्या नरडीला नख लावलं, त्यालाच सरकारनं तिची सुईण नेमलं. हुद्दा 'दारोगा-ए-सब्जा', म्हणजे हिरवळीवरचा अंमलदार. कमरेला पितळी बिल्ल्याचा पट्टा. मी नको म्हणणार होतो, पण पट्टा फार छान होता.

पोळा झाला आणि उर्दूत हुकूमनामा आला. थंडी पडायच्या आत गवताची तयारी कशी करावी, याची त्यात कलमं होती. साहेबांच्या कचेरीतल्या मुन्शीजींनी वाचून दाखवली. शेवटची कापणी उंच ठेवावी. गळलेली पानं रोज झाडावीत. जमिनीला भोकं पाडावीत, म्हणजे मुळांना हवा लागेल. वर चाळलेली माती आणि कुजलेलं शेणखत पसरावं. आणि बर्फ पडेल त्या सकाळी गवतावर कुणी पाऊल ठेवू नये. मी विचारलं, मुन्शीजी, बर्फ आपल्याकडं रेल्वेनं भुशाच्या पेटीत येतो आणि साहेबांच्या शरबतात पडतो, तो गवतावर कधी पडायचा? मुन्शीजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हुकूम में है तो गिरेगा." तेव्हापासून मी पहाटे उठून आधी आभाळाकडं बघतो.

भोकांचं कलम त्यातल्या त्यात सोपं वाटलं. एका फळीला खिळे ठोकले, वर दगड ठेवला आणि ती फळी उचलून-आपटून चार दिवस हिरवळ टोचून काढली. कुंपणाला अर्धं गाव उभं. त्यात आमच्या खुरपणाऱ्या बायकांची म्होरकी कडूबाई म्हणाली, "मानसं टोचून झाली पलेगाची, आता सरकार जमिनीला बी टोचायलंय." तिसऱ्या दिवशी एकानं आपली म्हैस आणून बांधली आणि हिलाही टोचता का विचारलं. मी दारोगा असल्यामुळे हसलो नाही.

खरा घात पुढच्या कलमात झाला. थंडीआधी हिरवळीतलं तण काढावं, असा हुकूम. म्हणून पितृपक्षात कडूबाईसकट आठ बायका खुरप्यासह बोलावल्या, "गवतातलं तण तेवढं काढा" असं बजावलं आणि मुन्शीजींकडं सही करायला गेलो. (सही एकच होती, पण मुन्शीजींची दौत वाळली होती. त्यातच दुपार गेली.) परत आलो तर बंगल्यापुढं काळीभोर, भुसभुशीत, डोळ्यांचं पारणं फेडणारी जमीन. एक काडी नाही. हराळी मुळ्यांसकट उपटून कुंपणाबाहेर पेटवलेलीसुद्धा. मला खोटं लिहिता येत नाही व्याहीसाहेब, पहिल्या क्षणी मला आनंदच झाला. असं स्वच्छ रान बघून कुणाही कुणब्याला होईल. मग कमरेचा पट्टा आठवला. मी ओरडलो, तर कडूबाई म्हणाली, "गवतातलं तण म्हंजी काय वो मालक? गवत हेच तण की. आन् हराळी दिसली की आमचा हात थांबत न्हाई. तुमीच लावलाव की ही सवय." तिच्या सासूलाही माझ्याच वडलांनी हीच सवय लावली होती.

साहेब दौऱ्यावर होते म्हणून वाचलो. मी घरातलं बियाण्याचं पोतं फोडलं आणि त्या जमिनीत गहू पेरला, मुठीनं, दाट. दसऱ्याला साहेब परतले तेव्हा टाचेपासून बोटांपर्यंत बूट बुडेल एवढी मऊ हिरवीगार लव उगवली होती. साहेब बूट काढून त्यावर चालले आणि म्हणाले की असा सब्जा त्यांनी विलायतेतही पाहिला नाही. (खरंच पाहिला नसणार.) तिथल्या तिथं त्यांनी हैदराबादेला आपल्याहून मोठ्या साहेबांना पत्र लिहिलं, मार्गशीर्षात या, गवतावर बसून चहा घेऊ. सगळे माझ्याकडं कौतुकानं बघू लागले. मी मात्र हिशेब करत होतो की मार्गशीर्षापर्यंत गव्हाला काय काय होतं. साहेबांच्या हिरवळीला ओंब्या लागल्या तर दारोगानं तोंड कुठं लपवायचं?

कोजागिरीपर्यंत गहू घोट्यावर आला. विळा लावला तर धसकटं दिसतील, म्हणून येडबा धनगराला मेंढरं घेऊन बोलावलं. त्याला दहा वेळा सांगितलं, वरून चारून घे, चार बोटं ठेव. तो म्हणाला, "मला कळलं मालक, पर मेंढरास्नी बोटं कुटं मोजता येत्यात?" मेंढरांना खरंच येत नाहीत. एका घटकेत त्यांनी जमिनीची दाढी केली आणि वर लेंड्या टाकल्या. म्हणजे खताचं कलम तेवढं पार पडलं.

असं चाललंय. आपलं मन जरा रमावं म्हणून कळवलं, काही मागण्यासाठी लिहिलं असं समजू नये. लहानथोरांस यथायोग्य सांगावं. पूर्वी होता त्यातला निम्मा लोभ परत आला तरी पुरे.

आपला,
किशनराव

ता. क. : दोन गाड्या हराळी हवी आहे, मुळ्यांसकट, मार्गशीर्षाच्या चहाआधी बंगल्यापुढं लावायला. पाच कोसांत धुंडाळली, पण माझी शिस्त इतकी पसरलेली की कुणाच्या बांधालाही शिल्लक नाही. आपल्या रानातल्यासारखी हराळी परगण्यात कुठं नाही. (हे स्तुती म्हणून लिहिलं आहे. मांडवात म्हटलेले शब्द आणि हे शब्द जवळजवळ सारखे आहेत, पण स्वर बदललाय. विहीणबाईंना वाचून दाखवताना तेवढं सांभाळावं.)

ता. क. दुसरा : पाकीट डकवणार एवढ्यात मुन्शीजी येऊन गेले. साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना कोंबड्यांचा नाद आहे, त्यांना बंगल्यापुढं मोकळी जमीनच हवी. ती तयार बघून ते खूश होतील असं मुन्शीजी म्हणाले, आणि पट्टा काढून घेऊन गेले. तेव्हा हराळीची गरज उरली नाही.

ता. क. तिसरा : कस्तुराच्या आईनं पत्र वाचून घेतलं आणि म्हणाली, "एवढं गवत लिवलंव, लेकीचं एक अक्षर न्हाई." ती रोज संध्याकाळी सोनपेठच्या वाटेकडं बघत उभी राहते, आणि मी तिला दिसू नये असा मागं उभा राहतो. व्याहीसाहेब, मी चुकलो. दिवाळीला कस्तुराला आणि जावयांना धाडा. कस्तुराची आई म्हणते, वरचं सगळं फाडा आणि एवढंच पाठवा. पण वरचं सगळं लिहिल्याशिवाय "मी चुकलो" हे माझ्या हातून उतरलं नसतं, म्हणून सगळंच पाठवतो आहे.