दोन हजार सत्तरचा नारळ

१२ नोव्हें.
जिल्ह्याच्या हवामान आराखड्याचा मसुदा आज साहेबांच्या टेबलावर ठेवला. २०७० पर्यंत उत्सर्जन शून्य. ते काय, कोणीही लिहील. माझा जीव अडकलाय पहिल्या तीन वर्षांत: कारखान्यांच्या बॉयलरमध्ये लाकूड बंद. म्हणजे मग जंगल विकत घ्यायला कोणी फिरकणारच नाही.

१६ नोव्हें.
देवरूखकडे, आजोळी. भिकूमामाने देवळात मसुदा वाचायला लावला. ऐकून लगेच नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं: वाडीतलं एकही झाड विकणार नाही. "व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. थांबा, अजून सही व्हायचीय, असं मी म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. कौतुक चाललं होतं ना माझं.

९ डिसें.
साहेबांनी तीन वर्षं खोडली. "कारखानेवाले बोंब मारतील. सत्तर ठेवू की, ठळक अक्षरात." भांडले. थोडीशीच. मग नवी प्रत काढून दिली.

५ जाने.
मामाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "सत्तर साली मी खंय गो असनार? तू पन म्हातारी होशील." शेजारच्या वाडीने उतारावरचं जंगल विकलं. ट्रक आमच्या देवळावरूनच जातात. लाज वाटते.

२ फेब्रु.
मामाचा फोन. वाडी ऐकत नाही. सरकार शब्द पाळत नाही, मग आम्हीच का म्हणून? बरोबरच आहे त्यांचं. "नारल देवाफुडं ठेवलाय, सुटका पन त्यालाच इचारून. तू ये. शबूद तुजा होता."
रजेचा अर्ज टाकला.

८ फेब्रु., सकाळी, देवळात
वाटेत पालीच्या स्टँडवर उतरून नारळ घेतला. कौल लावलाय. मूर्तीवर दोन कळ्या. उजवी आधी पडली तर झाडं विकायची, डावी पडली तर राखायची. मामाने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, पोर चुकली आसंल तर पदरात घे."
"व्हय म्हाराजा." सगळे म्हणाले. मला म्हणवेना, रडूच आलं.
लाकडाचा व्यापारी चपला काढून मागे बसलाय. तास होत आला. दोन्ही कळ्या तशाच.
मी डाव्या कळीकडे बघतेय. मामाही तिकडेच बघतोय.