शेवटून पहिला संघ

गुरुजी,

बेसबॉल तुम्हाला माहीत नव्हता, मलाही नव्हता. दुबईजवळ रास अल खैमातल्या टाइल्सच्या कारखान्यात आमचे मोठे साहेब अमेरिकन होते, त्यांनी तो ऑफिसात आणला. स्वतः खेळायचं काहीच नाही. आपण कागदावर संघ निवडायचा. खेळाडू खरे, ते अमेरिकेत घाम गाळतात, आणि तिकडे त्यांनी धावा काढल्या की इकडे एसीत बसलेल्या आपल्याला गुण. रोज सकाळी साहेबांच्या कॉम्प्युटरवर निकाल येत. तुम्ही ऐकलं असतं तर म्हणाला असतात, दुसऱ्याच्या अभ्यासावर पास व्हायची ही नवी तऱ्हा.

संघ निवडायच्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्या आणि पहिला नंबर माझा आला. म्हणजे सगळ्यात चांगला खेळाडू मी उचलायचा. पण सगळे माझ्या केबिनमध्ये जमलेले, चहा मी मागवलेला, म्हणजे यजमान मीच. आणि मला मारुतीचं देऊळ आठवलं. शनिवारी खोबरं वाटताना मी पहिला तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला होता, तेव्हा तुम्ही सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "वाटणाऱ्यानं शेवटी घ्यायचं, बाळ." मी सगळ्यांना म्हटलं, आधी तुम्ही घ्या. साहेबांनी दोनदा विचारलं, शुअर? मी मान डोलावली. प्रत्येक फेरीत तेच.

मग जे उरलं तो माझा संघ. एकाचा गुडघा प्लास्टरमध्ये. एकाला त्याच्याच संघाने घरी बसवलेलं. एक चेंडू फेकणारा असा की त्याच्यासमोर कुणीही मोठे फटके मारून जाई. आणि एक फलंदाज चाळिशी ओलांडलेला. पहिल्याच आठवड्यात मी तळाला गेलो आणि तिथेच राहिलो. आमचा मल्याळी अकाउंटंट रोज सकाळी दारातून डोकावून विचारी, "भाई, ये टीम है या अस्पताल?" घरी बायको म्हणाली, पंगतीतसुद्धा जिलबी तुमच्या पानापर्यंत कधी पोचत नाही, अमेरिकेतून काय पोचणार?

गंमत तोवरच होती. साहेबांचा नियम होता की एप्रिलअखेर जो तळाला असेल त्याचा संघ मोडायचा आणि त्याचे खेळाडू इतरांनी वाटून घ्यायचे. माझ्या खेळाडूंना कोण घेणार होतं? आणि मला तर त्यांचा लळा लागलेला. सकाळी देवासमोर उदबत्ती लावतो, डोळे मिटतो, आणि समोर कोण, तर एका अनोळखी अमेरिकन माणसाचा गुडघा. नोकरी लागावी म्हणूनसुद्धा मी देवाकडे कधी इतकं मागितलं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात साहेबांनी स्वतः सुचवलं की म्हाताऱ्याला काढ, एक तरुण पोरगा अजून कुणी घेतलेला नाही, तो रोज धावा काढतोय. अकाउंटंट म्हणाला, "हबीबी, बुड्ढा खलास है. निकालो उसको."

"नाही," मी म्हणालो. "खेळू दे त्याला."

शेवटच्या सकाळी सगळे साहेबांच्या खुर्चीमागे उभे. निकाल उघडला. म्हाताऱ्याने दोनदा चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला होता. मी तळातून वर आलो होतो, आणि माझ्या जागी अकाउंटंट. त्याने पडद्यावर तळाचं नाव बोट ठेवून वाचलं. मग म्हणाला, "यल्ला, चलो, अब अस्पताल मेरा." आम्ही इतके हसलो की बाहेरचा ड्रायव्हर काय झालं ते बघायला आत आला. मी साहेबांना सांगितलं, त्याचाही संघ मोडू नका. साहेबांनी हात झटकला, म्हणजे नियमच गेला. दुसऱ्या दिवशी बायकोने सगळ्या ऑफिसला पुरेल एवढा शिरा पाठवला. सीझन संपला तेव्हा मी शेवटून तिसरा होतो. इतक्या अभिमानाने मी बी.कॉम.चा निकालही कुणाला सांगितला नव्हता.

म्हाताऱ्याला का ठेवलंस, असं सगळे विचारत. मी म्हणायचो, अनुभव महत्त्वाचा. तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून खरं सांगतो. साहेबांनी एकदा त्याच्या खेळाची टेप दाखवली होती. मैदानात आल्यावर तो टोपी काढतो, कपाळ पुसतो, टोपी घालतो आणि घाई न करता क्षणभर नुसता उभा राहतो. फळ्यावर गणित मांडायच्या आधी तुम्ही असेच उभे राहायचात. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मी इथे होतो, निरोपाला आलो नाही. याला तरी मी कसा घरी पाठवणार? त्या खेळाचे नियम मला अजूनही नीट कळलेले नाहीत, गुरुजी. तो तसा उभा राहिला की मी खुर्चीत सरळ होऊन बसायचो, एवढंच.