माझीच सही माझ्या आड आल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
पाणीपुरवठा विभाग,
नगर परिषद कार्यालय, दुसरा मजला

विषय : मागच्या गल्लीच्या नळाच्या फायलीवर चुकीच्या रकान्यात पडलेली माझी सही ग्राह्य धरण्याबाबत.
संदर्भ : माझेच अकरा वर्षांतले चव्वेचाळीस अर्ज.

महोदय,

१. मी प्रभाग सातची नवनिर्वाचित सदस्या. त्याआधी अकरा वर्षे आपल्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठिय्या देणारी शिवणकामवाली बाई, तीही मीच. आपण रोज मला ओलांडून वर जात होतात, तेव्हा ओळख असावी.

२. आमच्या नळाची फाईल "सदस्याची शिफारस नाही" म्हणून अडली होती. म्हणून तर मी निवडणुकीला उभी राहिले. गेल्या गुरुवारी फाईल माझ्या टेबलावर आली. आनंद झाला, लपवत नाही. त्याच आनंदात, सवयीप्रमाणे, "तक्रारदार" या रकान्यात सही ठोकली.

३. वरिष्ठ लिपिकांनी फाईल परत पाठवली. सदस्येने आधी तक्रारदाराचे म्हणणे ऐकून घ्यावे, असा शेरा आहे. त्यानुसार काल सुनावणी घेतली. मी दोन्ही खुर्च्यांवर आळीपाळीने बसले. तक्रारदार बाई तावातावाने बोलल्या, सदस्याबाईंनी नुसती मान डोलावली. ही बाई खुर्ची मिळताच बदलली, असा तक्रारदाराला दाट संशय आला. चहा एकच आला होता, तो दोघींनी घेतला.

४. आता लिपिक म्हणतात, सुनावणीच्या इतिवृत्तावरच्या तक्रारदार आणि सदस्या या दोन्ही सह्या सारख्या दिसतात, तेव्हा एक खोटी असावी. मला हसू आवरेना. ते मात्र गंभीर होते. चौकशीला तीन आठवडे लागतील आणि नळाच्या मंजुरीची मुदत या शुक्रवारी संपते.

५. महोदय, मी हसते आहे खरी. पण सत्तरीच्या सासूबाई रोज दोन बादल्या घेऊन पुलापलीकडे जातात. निकालाच्या दिवशी गल्लीबरोबर त्याही नाचल्या आणि नाच संपताच बादल्या उचलून पाण्याला निघाल्या. मी दारात हार घालून उभी. म्हणाल्या, "बाईसाहेब, जरा बाजूला सरका." तेव्हापासून मला त्या खुर्चीत नीट बसवत नाही.

तरी शुक्रवारपूर्वी सही ग्राह्य धरावी. अन्यथा शनिवारी तक्रारदार तिसऱ्या पायरीवर बसेल. तिचे निवेदन घ्यायला सदस्या खाली येईल आणि तीही तिथेच बसेल. आपल्याला वर जायला जागा उरणार नाही, याबद्दल दोघीही आगाऊ दिलगीर आहोत.

दोघींच्या वतीने, आपली नम्र,
(सही, रकाना तीनदा वाचून)
सदस्या, प्रभाग सात
मंगळवार, ता. ९

सोबत :
१. सुनावणीचे इतिवृत्त.
२. निवडून आल्याचे प्रमाणपत्र.
३. सासूबाईंची एक बादली, रिकामी. त्यांनी स्वतःहून दिली. शुक्रवारी काम झाले नाही तर दुसरीही आणून ठेवते म्हणाल्या.