अध्यक्षबाईंच्या बशीतली गोळी

अवोन्डेल, ऑकलंड
१२ जून २०१६

प्रिय गुरुनाथराव यांस,

सप्रेम नमस्कार. तुमचं औषधांचं दुकान आणि तुमची साखर, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा. आम्ही लेकीकडे सुखरूप आहोत. थंडी कडाक्याची आहे (जूनमध्ये, होय), आणि तुमच्या बहिणीचा गुडघ्यांवरचा राग माझ्यावर निघतो आहे.

मागच्या आठवड्यात इथल्या सभेला गेलो होतो. नशेचा धंदा करणाऱ्यांकडून जप्त केलेल्या पैशातला काही भाग, वेदनाशामक गोळ्यांची सवय सोडवण्यासाठी या भागाला मिळाला होता आणि तो कसा खर्चावा हे लोकांना विचारत होते. मलाही विचारलं, गुरुनाथराव. (मी नगरपालिकेत जन्म काढला, तिथे मला चहा घेणार का हेसुद्धा कुणी विचारलं नाही.) आपल्याकडे आधी कमान झाली असती आणि तिच्यावर कुणाचा फोटो यावरून दोन गट पडले असते. इथे अध्यक्षबाईंनी 'किआ ओरा' (इथला माओरी नमस्कार) म्हणत स्वतः खुर्च्या मांडल्या. एक दांडगा ट्रकवाला उभा राहिला आणि पाठदुखीच्या गोळ्या सुटेनात म्हणून आपला संसार कसा मोडला ते त्याने सांगितलं. कुणी कुजबुजलं नाही. नावाच्या पाट्या नकोत, घरी येणारी आणखी एक नर्स द्या, असं तो म्हणाला आणि तेच ठरलं. माझा ऊर भरून आला.

ऊर भरून आलेल्या माणसाचा नेम नसतो. चहाच्या वेळी अध्यक्षबाई गुडघा चोळत होत्या. समोरच्याला दुखतंय म्हटल्यावर आपला हात खिशात जातोच. तुम्ही पाठवता त्या कडक गोळ्यांपैकी एक (सरलाची, बाहेर पडताना मी बरोबर ठेवतो) मी त्यांच्या बशीत ठेवली आणि घरी डबाभर आहेत, लाजू नका, असंही सांगितलं. आजूबाजूच्यांनी कप खाली ठेवले. "बाबा, तुम्ही त्या मीटिंगमध्ये ड्रग्ज वाटलेत," असं जुई गाडीत म्हणाली. मला वाटलं, आता पोलीस येणार. पण घरोघरी जाण्याचं काम आधीपासून करणारी अरोहा नावाची नर्स हॉलमध्येच माझ्याशेजारी येऊन बसली होती आणि ही गोळी घरात कोण घेतं, एवढंच तिने विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. गुडघा दुखत नसतानाही घेता का, असं तिने सरलाला विचारलं. लग्नापासून माझ्यापुढे एकही गोष्ट कबूल न केलेली सरला हो म्हणाली आणि रडली. मला काहीच कळलं नव्हतं, याचं फार वाईट वाटतं. आता डॉक्टर गोळ्या हळूहळू कमी करताहेत. अरोहा येते, दोघी रस्त्याच्या टोकापर्यंत फिरून येतात. या लोकांचं कौतुक किती करावं तेवढं थोडंच.

श्यामलावहिनींना नमस्कार.

आपला,
धैर्यशील

ता. क. पुढच्या महिन्यात पुतण्या प्रकाश इकडे येतो आहे. त्याच्याबरोबर गोळ्या पाठवू नका, गोडा मसाला पाठवा. हे लिहिल्याचं सरलाला ठाऊक नाही.

ता. क. दादा, ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. मसाला पाठव. रविवारी हे बाजारात गेले की मी तुला फोन करून गोळ्या मागेन. रडेनसुद्धा. तू फोन ठेवू नकोस, माझ्याशी बोलत राहा. पण गोळ्या पाठवू नकोस.

तुझी सरला