फ्रीजरमधली मुळं

प्रिय नम्रता,

फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. लिहायची सवयही आता राहिलेली नाही, सांभाळून घे.

भेटायला येणाऱ्यांचं येणंजाणं आता थांबलं आहे. दुपारी झोपते आणि उठल्यावर जास्तच थकल्यासारखं होतं. या आठवड्यात सुदर्शनच्या पलंगावरची चादर बदलली, तेवढंच काम झालं.

त्याच्या पिशव्या फ्रीजरमध्ये तशाच आहेत. मांजरी गावच्या शेतातली उसाची मुळं. तुमच्या प्रयोगशाळेतला फ्रीजर बिघडला म्हणून दोन-चार दिवसांसाठी घरी आणली आणि त्याच आठवड्यात अपघात झाला. माझी नणंद बर्फ काढायला गेली तेव्हा म्हणाली, वहिनी, ही माती कशाला हो गोठवून ठेवलीय? मग तिचं तिलाच कळलं आणि ओट्याला धरून रडत बसली.

दहावा व्हायच्या आतच तुमच्या कामातल्या जोडीदारणीचा, एल्सचा, मेल आला होता. हॉलंडहून, थेट मला. दोन ओळी दुःखाच्या, आणि मग सरळ प्रश्न, नमुने गोठलेले आहेत ना? ते नसतील तर यंदाचं काम पुरं होणार नाही. तिने तो तुमच्या रंगराव सरांनाही पाठवला होता. सर त्याच संध्याकाळी माफी मागायला आले. खाली मान घालून बसले. म्हणाले, तिकडे माणूस गेला तरी वेळापत्रक चालूच असतं, आपल्याकडे हे चालायचं नाही. ती माफी मागेपर्यंत हॉलंडवाल्यांबरोबरच्या बैठका बंद केल्या आहेत आणि काकूंना कुणी त्रास द्यायचा नाही असं सगळ्यांना बजावलं आहे, असंही म्हणाले. तुला हे ठाऊकच असेल.

सर चांगल्या मनाने आले होते. पण खरं सांगू, त्या मेलने मला बरं वाटलं होतं. जेवलात का, गोळी घेतली का, हे सगळ्यांनी विचारलं. सुदर्शनचं नाव मात्र कुणी घेत नव्हतं. एल्सने विचारलं होतं, मुळं धुतलेली आहेत की मातीसकट? तो हटकून मातीसकट ठेवतो, त्यावरून आमची भांडणं होतात, असंही तिने लिहिलं होतं. मी बघून कळवलं, मातीसकट. तो गेल्यापासून पहिल्यांदाच मला त्याच्याबद्दल काहीतरी सांगता आलं.

गेल्या वर्षी ती तुमच्याबरोबर जेवायला आली होती, आठवतं? आई, तिला आग्रह करू नकोस, तिच्याकडे नको म्हणजे नको, असं सुदर्शनने बजावलं होतं. मी केलाच. तिने ताटावर हात धरला आणि नको म्हणाली. मला जरा लागलं. तुला मात्र नाही म्हणवेना. तू वर्ध्याची, आग्रहाच्या मुलखातली, त्यातून पहिल्यांदाच आलेली. चौथी पुरणपोळी तुझ्या ताटात पडली आणि मी तूप आणायला वळले तेवढ्यात सुदर्शनने ती उचलून खाल्ली. तुझ्या उष्ट्या ताटातली. मी पाहिलं होतं गं. मोठ्या माणसांनी काही बोलायचं नसतं, मुलं आपणहून सांगतात, म्हणून मी थांबले.

वैकुंठ स्मशानभूमीत तू फाटकापाशी उभी होतीस, सगळ्यांच्या मागे. नंतर घरी आली नाहीस. काकूंना त्रास नको, असंच तुझ्याही मनात असणार. आणि तुला कोण काय विचारत असेल? तू तर कुणाच्या हिशेबातच नाहीस.

रविवारी माझा भाऊ मला साताऱ्याला न्यायला येतो आहे, काही महिन्यांसाठी. घर बंद म्हणजे फ्रीजही बंद. बैठका पुन्हा सुरू करा, मला काही त्रास झालेला नाही, असं सरांना आज मी स्वतः फोन करून सांगितलं. ते बरं म्हणाले. पिशव्यांसाठी गाडी आणि माणूस पाठवतो म्हणाले, त्याला मी नको म्हटलं. शनिवारी तू ये. बर्फाचा डबा आण. आणि पिशव्या घेऊन लगेच निघू नकोस. माझ्या मुलाबद्दल मला विचारायचं आहे, आणि ते तुझ्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

तुझीच,
विजयमाला काकू